क्लच पूर्ण दाबा

ड्रायव्हिंग स्कूलने शेवटची गिअरची गाडी विकली, त्याच आठवड्यात बाईंनी घरी जेवताना सांगितलं की त्यांना स्वतःची गाडी घ्यायची आहे.

या घरात कधी गाडी नव्हती. तशी गरज पडली नव्हती. बाई तीसेक वर्षं लोकांना गाडी शिकवत होत्या आणि त्यांचा दिवसाचा शेवटचा धडा त्यांच्याच इमारतीच्या दारात संपायचा. शेवटच्या शिकाऊने बाईंना घरी आणायचं, समोर उभ्या असलेल्या दोन गाड्यांच्या मधल्या जागेत गाडी मागे घेत लावायची, आणि ती नीट लागली तरच सुटी. मग स्कूलचा माणूस येऊन गाडी आणि शिकाऊ दोघांनाही घेऊन जायचा. संध्याकाळी समोरच्या बाल्कन्यांत मंडळी चहाचे कप घेऊन उभी राहायची ती यासाठीच. कुणाला जमणार आणि कोण फुटपाथवर चढणार, यावर तिथे पैजा लागत. शहरात रुग्णवाहिका चालवणारा तरणा पोरगा, अग्निशमनाच्या बंबावरची एक मुलगी, आणि बाल्कन्यांमधले निम्मे लोक स्वतः, सगळे याच जागेत घामाघूम होऊन गेलेले होते.

आता स्कूलमध्ये नव्या गाड्या आल्या होत्या. त्यांना क्लच नव्हता. पहिल्याच दिवशी एका नव्या मुलीने विचारलं होतं, "बाई, डाव्या पायाने काय करायचं?"

"आराम," बाईंनी सांगितलं होतं.

"कुठली गाडी?" जेवताना बाईंच्या मुलीने विचारलं. ती विमा कंपनीत होती. गाडी हा शब्द ऐकला की तिला आधी अपघात दिसायचा.

"जुनी आहे. स्पोर्ट्स कार. दोन सीटांची. छत कापडी, काढून ठेवता येतं."

यजमानांनी घास हातातच धरला. ते चष्म्यांचं दुकान चालवायचे आणि बोलण्याआधी समोरचं नीट बघून घ्यायची त्यांना सवय होती. "दोन सीटांची?"

"हो."

"आपण तिघं आहोत."

"मला मोजता येतं."

"म्हणजे एक जण घरी."

"नाहीतर एक जण बसने," बाई म्हणाल्या आणि भाजी वाढली.

"किती जुनी?" मुलगी म्हणाली.

"तुझ्यापेक्षा मोठी."

"आई, असल्या गाड्यांचा विमा मागायला कुणी आलं की आम्ही आधी हसून घेतो आणि मग आकडा सांगतो."

"हसून घ्या. मग सांगा."

पैशांचं बाईंनी आधीच बघून ठेवलं होतं, त्यामुळे त्या बाजूने वाद घालायला कुणाला जागा मिळाली नाही. गाडीची माहिती त्यांना एका जुन्या शिकाऊने, हॉस्पिटलातल्या नर्सने, दिली होती. तिच्या शेजारी राहणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांची गाडी होती. ते आयुष्यभर बंदरावर क्रेन चालवत होते. सगळे त्यांना क्रेनकाका म्हणत. गाडी विकायची होती, पण येईल त्याला नाही. त्यांची एक अट होती. घेणाऱ्याने त्यांच्या घरामागचा चढ चढून जायचं आणि परत यायचं, आणि गिअरचा आवाज एकदाही यायला नको. आतापर्यंत दोघे येऊन गेले होते. एका डॉक्टरच्या हातून पहिल्याच वळणावर गिअर घासला. दुसऱ्याला ती गाडी हॉटेलच्या दारात शोभेसाठी उभी करायची होती. त्याला काकांनी फाटकातूनच परत पाठवलं.

भांडी आवरताना यजमानांनी विषय पुन्हा काढला. "तुला रोज दिवसभर गाडीतच तर बसायचं असतं. सुटीच्या दिवशीही गाडीच?"

"अहो, मी इतकी वर्षं गाडी चालवलेलीच नाही."

यजमान हसले.

"हसू नका. चालवत ते लोक होते. मी शेजारी बसून थांबवत होते. माझ्या पायाखाली ब्रेक होता आणि त्यांच्या पायाखाली गाडी." बाईंनी कप पुसून जागेवर ठेवला. "गॅरेजला न्यायची आणि आणायची, तेवढीच मी चालवली. मला बघायचंय, मला येते का."

यजमानांनी तिच्याकडे चष्म्यावरून बघितलं. या शहरात तिला हा प्रश्न विचारायची कुणाची छाती झाली नसती. तो तिनेच स्वतःला विचारला होता, आणि ती चेष्टा करत नव्हती, हे त्यांच्या लक्षात आलं.

"रविवारी जाऊ," ते म्हणाले.

क्रेनकाकांचं घर शहराच्या कडेला टेकडीच्या पायथ्याशी होतं. बसथांब्यापासून चढत चढत जावं लागे. फाटकाच्या आत पत्र्याची शेड होती आणि शेडमध्ये गाडी उभी होती. गडद हिरवी, बुटकी, लांब नाकाची. छत काढून मागे दुमडून ठेवलं होतं. बाई फाटकापाशीच थांबल्या. यजमानांना वाटलं, दम लागला असेल. तसं काही नव्हतं.

काका बाहेर आले. उंचीने बाईंच्या खांद्याला लागतील एवढे, पण हात मोठाले, आणि ते त्यांनी अंगापासून जरा दूर धरलेले, जणू त्यांत अजून क्रेनचे दांडे धरलेले आहेत.

"नर्सबाईने पाठवलं ते तुम्हीच का?" त्यांनी यजमानांना विचारलं.

"मी नाही. मी चष्मेवाला," यजमान म्हणाले. "गाडी हिला घ्यायची आहे."

काकांनी मान वर करून बाईंकडे बघितलं. "बरं. आधी बघून घ्या. मग बोलू."

बाईंनी गाडी बघितली. खाली वाकून कडा बघितल्या, चाकाच्या कमानीखाली हात फिरवला, दारं उघडून लावली आणि लागताना येणारा आवाज ऐकला. एका दाराखाली गंज धरायला लागला होता. तो त्यांनी बोटाने दाखवला, आणि काकांनी तो मान्य केला. यजमान हेडलाइटच्या काचेपाशी उकिडवे बसले आणि बराच वेळ उठले नाहीत.

"काच मूळची आहे," ते शेवटी म्हणाले.

"मग?" काका म्हणाले. "मी काय बरणीचं झाकण लावीन होय?" मग जरा मऊ होऊन त्यांनी सीटवर थाप मारली. "सगळं मूळचं आहे. फक्त सीटांचं चामडं फाटलं होतं. गेल्या वर्षी सीटा उचकटून नेऊन नवं चामडं चढवून आणलं. कारागीर चांगला होता. शिवण बघा."

बाईंनी शिवण बघितली. चांगली होती.

"चला," काका म्हणाले. "अट माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

दोघे गाडीकडे निघाले आणि एकाच दारापाशी एकमेकांना धडकले. काका शेजारच्या सीटवर बसायला आले होते. बाईसुद्धा.

"बाई," काका म्हणाले, "स्टिअरिंग पलीकडे आहे."

यजमान दुसरीकडे बघू लागले. बाईंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्या गाडीला वळसा घालून पलीकडे गेल्या, बसल्या, आरसा लावला. सीट त्यांच्या पायांना अगदी बरोबर बसली. काकांनी सांगितल्याप्रमाणे चोक ओढला, किल्ली फिरवली. गाडी एकदा खोकली आणि चालू झाली.

फाटकाबाहेर पडेपर्यंत आणि सरळ रस्त्यावर सगळं सुरळीत झालं. पहिला, दुसरा, तिसरा. या गिअरबॉक्सला घाई चालत नव्हती. क्लच तळापर्यंत गेला तरच गिअर जागेवर पडायचा, नाहीतर दात घासायचे. बाईंना असा गिअरबॉक्स माहीत होता. स्वतः शिकल्या तेव्हा सगळ्या गाड्या अशाच होत्या. रस्ता त्यांच्या फार जवळून जात होता. इतकी वर्षं त्यांनी रस्ता दुसऱ्याच्या हातांवरून बघितला होता. आता मध्ये कुणी नव्हतं. काका पुढे बघत होते, पण कान गिअरबॉक्सवर लावून होते, आणि प्रत्येक वळणावर त्यांचा डावा पाय रिकाम्या जमिनीवर दाबला जात होता. बाईंनी ते बघितलं. ज्यांना गाडी सोडवत नाही ते सगळे असं करतात.

मग चढ सुरू झाला. पहिल्या वळणाशी रस्ता एकदम उभा झाला. गाडी जड झाली. आता खालचा गिअर हवा होता, आणि बाई स्पष्ट आवाजात म्हणाल्या, "क्लच. दुसरा."

आणि थांबल्या.

इतक्या वर्षांत हे दोन शब्द उच्चारले की कुणाचा तरी पाय हलायचा. आज कुणाचा हलला नाही. जो हलायला हवा होता तो त्यांचाच होता, हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा गाडीने दोन गचके दिले आणि ती चढाच्या मध्यावर बंद पडली.

मागून एक सामान पोचवणारा मोटारसायकलवाला येत होता. त्याने हॉर्न वाजवला.

काकांचे खांदे हलायला लागले, आणि ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. "कुणाला सांगत होता?" त्यांनी डोळे पुसत विचारलं.

"पायाला," बाई म्हणाल्या.

"त्याला ऐकू नाही आलं."

"त्याला सवय नाही. येईल."

त्यांनी हँडब्रेक ओढला. मागचा मोटारसायकलवाला अगदी जवळ येऊन उभा होता. गाडी हातभर जरी मागे सरकली असती तरी त्याच्या चाकावर गेली असती. बाईंनी गाडी चालू केली. क्लच दाबला, पहिला टाकला, क्लच हळूहळू सोडत गेल्या. गाडीचं नाक किंचित वर उचललं गेलं, जसं झोपलेल्या कुत्र्याने मान उचलावी. मग हँडब्रेक सोडला. गाडी मागे बोटभरही न सरकता पुढे निघाली. मोटारसायकलवाल्याला काही झालंय हे कळलंसुद्धा नाही.

काकांना कळलं. त्यांनी हसणं थांबवलं आणि ते सीटवर सरळ बसले.

पुढचा सगळा चढ बाईंनी ओठ घट्ट मिटून पार केला. शब्द जिभेवर यायचे, त्या ते गिळायच्या आणि त्यांचा पाय हलायचा. माथ्यावर गाडी वळवून त्या खाली आल्या. गिअरचा आवाज आला नाही. फाटकात गाडी थांबली तेव्हा यजमान तिथेच उभे होते. त्यांनी आधी बाईंचा चेहरा बघितला आणि मग काकांचा.

"बंद पाडली एकदा," काका त्यांना म्हणाले. "पण बंद पाडू नका अशी माझी अट नव्हती. आवाज नको, एवढीच होती. आणि चढावरून जी उचलली ना, तशी मी बंदरावर जड पेटी उचलायचो." त्यांनी किल्ली काढून तळहातावर घेतली. "गाडी तुमची. शब्द दिला."

बाईंनी मान हलवली. चेहऱ्यावर काही दिसू न देण्याची त्यांना सवय होती. परीक्षेच्या दिवशी शिकाऊ पास झाला तरी त्या आधी आरसा जागेवर आहे का ते बघायच्या. पण यजमानांनी बघितलं, त्यांचा हात गाडीच्या दारावर होता आणि तो त्या काढत नव्हत्या.

"एक विचारू का, काका? तुम्ही का विकताय?"

"पाय गेला," ते म्हणाले. "डावा. चालताना कळत नाही, डॉक्टरलाही सापडत नाही. पण गिअर घासतो. वर्ष होत आलं. आमच्यात नियम होता, बाई. ज्या दिवशी तुमची पेटी कुठे जरा जरी घासली, त्या दिवशी क्रेनवरून खाली उतरायचं आणि परत चढायचं नाही. कुणी सांगायची वाट बघायची नाही. मी बंदरावरून निघालो तोवर माझी एकही घासली नव्हती. मग या गाडीला वेगळा नियम कशाला?" त्यांनी किल्लीकडे बघितलं. "तुमची हरकत नसेल तर एक शेवटचा फेरा मी मारतो. आवाज येईल. त्याकडे लक्ष देऊ नका. मग घेऊन जा."

"मी बसते शेजारी," बाई म्हणाल्या.

शेजारच्या सीटवर बसताच त्यांची नजर आपोआप जिथे जायची तिथे गेली. शिकवताना त्या रस्ता फार कमी बघत. रस्ता शिकाऊ बघतो. बाई त्याचे गुडघे बघत. गाडीचं काय होणार आहे ते आधी गुडघ्यात दिसतं, हे त्यांचं नेहमीचं म्हणणं होतं, आणि ते कुणी खोटं ठरवलं नव्हतं.

काकांनी गाडी काढली. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना गिअरबॉक्स करकरला. काकांच्या जबड्याचा स्नायू हलला. दुसऱ्यातून तिसऱ्यात, पुन्हा. बाई काकांचा डावा गुडघा बघत होत्या. गुडघा थरथरत नव्हता. पायात जोर होता. पण पाय पूर्ण सरळ झाला तरी क्लच तळाला टेकत नव्हता, आणि शेवटचा तुकडा दाबायला टाच जमिनीवरून उचलली जात होती. मग त्यांनी सीटच्या पायाशी बघितलं. जुन्या गाडीची सीट पुढे-मागे सरकत नव्हती. ती चार बोल्टांनी जमिनीला आवळलेली होती. जमिनीत भोकांच्या दोन रांगा होत्या. बोल्ट मागच्या रांगेत होते. पुढच्या भोकांभोवती रंग घासून पांढरे गोल पडले होते. अनेक वर्षं बोल्ट तिथे होते.

गेल्या वर्षी सीटा उचकटून नेल्या होत्या. चांगला कारागीर होता, पण उंच असावा. किंवा त्याने विचारच केला नसावा. सीट परत बसवताना त्याने हाताला जी भोकं लागली त्यांत बोल्ट आवळले. काका आयुष्यभर एकाच क्रेनच्या एकाच खुर्चीत बसले होते, आणि ती कधी कुणी हलवली नव्हती. सीट मागे गेली असेल, असं त्यांच्या मनात येणं शक्य नव्हतं. त्यांनी स्वतःच्या पायावर दोष घेतला होता.

बाईंना आता काही करायचं नव्हतं. फक्त गप्प बसायचं होतं. शब्द मिळालेला होता. वर जाऊन खाली येईपर्यंत त्या गप्प बसल्या असत्या तर गाडी त्यांची होती, आणि त्यात त्यांनी कुणाला फसवलं असंही कुणी म्हणालं नसतं. गाडी विकत घ्यायला आलेल्या माणसाने विकणाऱ्याचा गुडघा बघायचा नसतो.

त्या गप्प बसल्या. पहिलं वळण गेलं. दुसऱ्या वळणावर गिअर फार वाईट घासला आणि काका हलक्या आवाजात म्हणाले, "माफ कर गं."

ते बाईंना म्हणाले नव्हते. गाडीला म्हणाले होते.

"काका, पुढे रस्ता रुंद आहे तिथे बाजूला घ्या," बाई म्हणाल्या. "थांबवा."

हा त्यांचा शिकवायचा आवाज होता. त्या आवाजाला कधी कुणी का म्हणून विचारलं नव्हतं. काकांनीही विचारलं नाही. गाडी बाजूला घेतली.

"तुमचा पाय टेकत नाही," बाई म्हणाल्या.

"तेच तर सांगतोय मघापासून."

"तुम्ही सांगताय पाय गेला. मी म्हणते पाय टेकत नाही. पुढे या. पाठ सोडा सीटची."

उघड्या गाडीत वारा लागेल म्हणून बाईंनी जाड जॅकेट घातलं होतं. ते त्यांनी काढलं, घडी घातली, पुन्हा घडी घातली आणि काकांच्या पाठीमागे सरकवलं. "आता टेका मागे. दाबा क्लच."

काकांनी दाबला. गुडघा जरा वाकलेलाच राहिला आणि पाय तळाला टेकला.

त्यांनी सोडला आणि पुन्हा दाबला. मग पुन्हा.

"सीट मागच्या भोकांत बसवली आहे," बाई म्हणाल्या. "चामडं घातलं तेव्हा. पान्याने अर्ध्या तासाचं काम आहे."

काकांनी वाकून दोन पायांच्या मधून खाली बघितलं. बराच वेळ ते तसेच वाकलेले राहिले. वर आले तेव्हा त्यांचा चेहरा लाल झाला होता. तो वाकल्याने झाला असावा असं बाई धरून चालल्या.

"चला," बाई म्हणाल्या. "पहिला. निघा."

गाडी निघाली.

"क्लच. पूर्ण दाबा. दुसरा."

या वेळी शब्द संपायच्या आत पाय हलला. गिअर पडला, आणि तो पडला हे फक्त गाडीच्या चालीवरून कळलं. आवाज नव्हता. काकांनी एकदम श्वास सोडला. तिसऱ्याला बाईंनी काही सांगितलं नाही. चौथ्यालाही नाही. माथ्यावर गाडी वळवताना काकांचे ते मोठाले हात स्टिअरिंगवर असे फिरले की बाईंना, बऱ्याच वर्षांनी, कुणाला दुरुस्त करायला काही सापडलं नाही. उतारावर काकांनी दोनदा मुद्दाम गिअर बदलला, गरज नसताना, नुसतं ऐकायला.

फाटकाशी गाडी थांबली. काका उतरले. किल्ली त्यांनी शर्टाच्या खिशात टाकली, खिशावर थाप मारली, आणि त्यांचा हात तिथेच थांबला. त्यांनी किल्ली परत बाहेर काढली आणि बाईंपुढे धरली.

"घ्या," ते म्हणाले. "शब्द दिलेला आहे."

यजमान पुढे आले. काय झालं ते त्यांना माहीत नव्हतं, पण बाईंच्या अंगात जॅकेट नव्हतं आणि म्हातारा दहा वर्षांनी लहान दिसत होता. काहीतरी झालं होतं.

बाईंनी गाडीकडे बघितलं. लांब नाक, दाराखालचा गंज, मूळच्या काचा. त्यांना ती हवी होती. सकाळी हवी होती त्यापेक्षा आता जास्त.

"नाही घेणार," त्या म्हणाल्या.

"का? मी शब्द फिरवणारा माणूस नाही."

"तुम्ही नका फिरवू. मी नाही म्हणतेय. मला विकायला काढलेली गाडी हवी आहे, काका. हिला चालवणारा आहे."

काका हात पुढे धरून तसेच उभे राहिले. त्यांना नाही म्हणायचं होतं आणि हो म्हणायचं होतं. "तुम्ही गप्प बसला असतात तर मला कधीच कळलं नसतं," ते शेवटी म्हणाले.

"माझ्या शेजारी बसून कुणी गिअर घासलेला मला चालत नाही," बाई म्हणाल्या. "आजवर चालवून घेतलं नाही. आता या वयात कशाला सुरू करू?"

काकांनी किल्ली मुठीत मिटली. मग ते मोठ्या आवाजात म्हणाले, "निदान थांब्यापर्यंत सोडतो. एकाला तरी. दोघांना घेऊ शकत नाही."

"यांना न्या," बाई म्हणाल्या. "मी चालत येते. मला पाय मोकळे करायचेत."

यजमानांनी दोनदा नको म्हटलं आणि तिसऱ्यांदा चष्मा नीट बसवून गाडीत बसले. काकांनी बाईंचं जॅकेट परत द्यायला काढलं, पण बाईंनी हातानेच त्यांना थांबवलं. ते त्या थांब्यावर घेतील. आत्ता ते जिथे होतं तिथेच हवं होतं.

गाडी फाटकातून बाहेर पडली. बाई रस्त्याच्या कडेला उभ्या राहून ऐकत होत्या. दुसरा. तिसरा. वळणामागे गेल्यावर गाडी दिसेनाशी झाली, पण ऐकू येत होती, आणि ऐकू येत होतं ते फक्त इंजिन. बाई मान ताठ ठेवून उतरायला लागल्या. ज्या चालीने त्या परीक्षा केंद्राच्या पायऱ्या उतरायच्या, मागे शिकाऊ पास झालेला असताना, तीच चाल होती.

त्या थांब्यावर पोचल्या तेव्हा यजमान बाकावर एकटेच बसले होते. जॅकेट त्यांनी मांडीवर नीट घडी करून ठेवलं होतं. त्यांचे केस सगळे उभे होते.

"कसे चालवतात?" बाईंनी विचारलं.

"मला काय कळतंय? पण एकदाही पोटात गोळा आला नाही." त्यांनी जॅकेट पुढे केलं. "त्यांनी सांगितलं मला सगळं. वाटेत. दोनदा सांगितलं. इथे बाकावर एक मुलगा बसला होता, त्यालाही सांगितलं, गाडी चालूच ठेवून. म्हणाले, ही बाई कोण आहे माहीत आहे का तुला. त्याला माहीत नव्हतं. मग मी सांगितलं."

"तुम्ही काय सांगितलं?"

"ते तुला कशाला?"

बाईंनी जॅकेट अंगात घातलं. ते अजून गरम होतं.

"पण तुला बघायचं होतं ना," यजमान म्हणाले, "तुला येते का ते."

"बघितलं."

"मग?"

बाईंनी नेहमीप्रमाणे आधी चुका धरल्या. चुकीच्या दाराकडे गेल्या होत्या. तोंडाने सांगून पाय थांबला होता. गाडी बंद पडली होती. मग त्यांनी चढ धरला, मागे न सरकलेली गाडी धरली, आणि मिटलेल्या ओठांनी पार केलेली सगळी वळणं धरली. इतर कुणासाठी असता तर हा निकाल त्यांनी एवढा वेळ घेऊन लावला नसता.

"येते," त्या म्हणाल्या.

"म्हणजे गाडी घ्यायचीच."

"घ्यायचीच. आणखी दोन ठिकाणी विचारून ठेवलंय. पुढच्या रविवारी तुम्ही बरोबर यायचं, आणि मी शेजारच्या सीटवर बसले की मला आठवण करून द्यायची, की मी शिकवायला नाही, घ्यायला आलेय."

"ऐकशील?"

"नाही," बाई म्हणाल्या आणि समोरून येणाऱ्या बसला हात केला.